बिनधुराची चिमणी

आमच्या चाळीच्या तोंडाशी जो काळा फळा टांगला आहे, त्यावर दोन नावे आहेत. दोन्ही माझ्या हस्ताक्षरात आहेत. त्यांतले दुसरे नाव तिथे असू नये, असे माझे मत ते लिहिताना होते आणि आजही आहे. तरी दर जानेवारीत पांढऱ्या रंगाची डबी आणून ते मीच पुन्हा गिरवतो.

ते नाव बुधाजी घाडी याचे. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. ती पाळायची तर बुधाजीविषयी काहीच लिहिता येणार नाही, आणि सभांतून त्याच्याविषयी जे बोलले जाते तेच खरे म्हणून शिल्लक राहील.

तो कुडाळकडचा. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत तो माझ्या शेजारच्या खोलीत राहत असे. चाळीमागे गिरणी आहे. तिथे तो सोळाव्या वर्षी लागला आणि पुढे बॉयलरवर आगवाला झाला. कोळसा ओढायचा, भट्टीत लोटायचा, राख काढायची, हे त्याचे काम. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, भुवयांत कायम काजळी बसलेला माणूस. तो दारू पीत नसे, पत्ते खेळत नसे, भजनाला बसत नसे. एखादे व्यसन असते तर त्याला समजून घेणे सोपे गेले असते.

गिरणीची चिमणी एकशे साठ फूट उंच. तिच्या विटांत बाहेरून लोखंडी कड्या रुतवलेल्या होत्या, पायथ्यापासून टोकापर्यंत एकशे अठ्ठावीस. आकाशातली वीज जमिनीत उतरवणारी तार तपासायला कधी काळी कारागीर चढत, त्यांच्यासाठी त्या होत्या. खारा वारा आणि धूर खाऊन त्यांतल्या कित्येक सैल झाल्या होत्या. दसऱ्याला जोडून बॉयलर धुवायची सुट्टी असे आणि तीन दिवस भट्टी पूर्ण विझलेली असे. वर्षात तेवढेच दिवस चिमणी खरोखर गार पडे. दसऱ्याच्या दिवशी बॉयलरची पूजा होई, नारळ फुटे, झेंडूची माळ चढे. मग बुधाजी कोळशाच्या आवाराकडून चिमणीपाशी जाई, सदरा काढून ठेवी आणि अनवाणी वर चढे. दोर नाही, पट्टा नाही. वर पोहोचला की हातभर रुंदीच्या कंगोऱ्यावर उभा राही आणि कशालाही हात न लावता एक पूर्ण फेरी घाली. मग पाय बाहेर सोडून बसे, एक विडी ओढे, कनवटीचे आपट्याचे पान वर ठेवी आणि उतरे. खाली येऊन तो कुणालाच सोने देत नसे.

चाळीतली माणसे गच्चीवर आणि गॅलरीत उभी राहून माना मोडेपर्यंत पाहत. दोघेजण पाहत नसत. एक त्याची बायको कौसल्या. ती दार लावून, खिडकीकडे पाठ करून तांदूळ निवडत बसे. दुसरा मी. मी खेड्यातून आलेला शाळामास्तर. आमच्याकडे माणूस विहिरीत उतरतो तो गाळ काढायला, कड्यावर जातो तो चुकलेले जनावर शोधायला. जीव पणाला लावायचा तर त्याला तसेच कारण लागते. हा विनाकारण चढत होता, आणि लोक त्याला मर्द म्हणत होते.

एकदा मी त्याला सरळ विचारले, "बुधाजी, वर आहे तरी काय?"

"काय नाय."

"मग जाता कशाला?"

"काय नाय म्हणानच."

"लहानपणी माडावर चढत असाल. ती सवय राहिली असेल."

"मास्तर, माडार चडणारो पोटासाठी चडता. माजो बापूस माडावरसून पडान मेलो. तेका चडाक आवडत नव्हता."

"आणि तुम्हांला आवडतं?"

"भूक लागता," तो म्हणाला, "ती काय आवडता म्हणान लागता?"

हे उत्तर मला तेव्हा उद्धट वाटले. आजही वाटते. भूक लागलेला माणूस बायकोला तांदूळ निवडत बसवून तिच्या डोक्यावर आकाश लोंबकळत ठेवत नाही.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबईत गोळीबार झाले. त्यांत आमच्या चाळीतला गणपत गेला. बावीस वर्षांचा होता, गिरणीत बदलीवर काम करी. त्याची आई जाईबाई साताऱ्याकडची, विधवा, त्याच गिरणीच्या वाइंडिंग खात्यात बॉबिनी भरणारी. त्याच्याशिवाय तिला कुणी नव्हते. लालबागच्या नाक्यावर त्याला गोळी लागली. तो संयुक्त महाराष्ट्रासाठी हुतात्मा झाला, असे चाळीने ठरवले आणि तोंडाशी काळा फळा टांगून माझ्याकडून त्याचे नाव लिहून घेतले. जाईबाईला लिहिता वाचता येत नव्हते. पण कामाला जाताना ती त्या नावावर हात ठेवी आणि परतताना पुन्हा ठेवी. नावाच्या पहिल्या अक्षराचा रंग त्यामुळे लवकर उडे.

त्या वर्षीचा दसरा आला. नायगावच्या चाळींतली कितीतरी कुटुंबे धम्मदीक्षेसाठी नागपूरला गेली होती, रस्ते मोकळे मोकळे वाटत होते. आमच्या चाळीने गणपतसाठी एकाही दाराला तोरण बांधायचे नाही असे ठरवले होते, आणि ते सर्वांनी पाळले होते. बुधाजीच्या दारालाही तोरण नव्हते. पण साडेदहाला तो चिमणीवर होता.

जाईबाई अंगणात आली. तिने वर पाहिले आणि असा आवाज लावला की गिरणीच्या खात्यात यंत्रांवरून हाक मारणाऱ्या बायकांनाच तो लावता येतो.

"उतर, मुडद्या! खाली उतर! माझ्या ल्योकाला गोळी घातली, आन् तुला तुझा जीव जड झालाय व्हय? नको असंल तर दे की कुणाला! हितं मागणारी हाय मी!"

"जाईबाई, गप्प बसा," कुणीतरी म्हणाले. "वर दचकेल तो."

"दचकू दे!"

बुधाजीने फेरी पुरी केली. विडीही ओढली. मग तो सावकाश उतरला आणि आवाराच्या दाराने अंगणात आला. तिथे रघुवीर उभा होता. रघुवीर गिरणीत कापडखात्यात होता आणि चळवळीच्या आमच्या चाळीतल्या शाखेचा चिटणीस होता. जीभ धारदार, पण माणूस मेहनती. त्याने वाट अडवली.

"लाज वाटते का रे, बुधाजी? या चाळीतला पोरगा महाराष्ट्रासाठी मेला. आणि तू? फुकट मरायला चढतोस, तेही त्याच्या आईच्या डोळ्यांसमोर."

"फुकट," बुधाजी म्हणाला.

"फुकट नाही तर काय?"

"रघुवीर, गणपताक गोळी लागली तेवा तू थय होतस?"

"मी फाउंटनकडे होतो. तो प्रश्न नाही."

"मी होतंय थय." बुधाजीचा आवाज चढला नाही. चढला असता तर कदाचित पुढचे इतक्या लोकांना ऐकू गेले नसते, कारण सगळ्यांनीच आवाज केला असता. "संचारबंदी होती. मोर्चो नव्हतो. पोलीस बंदुका रोखून उभे. गणपत आमच्यातसून सुटलो आनि रस्तो ओलांडून पलीकडे गेलो. परत इलो. परत गेलो. पलीकडे तेचा काय काम नव्हता. माका म्हणालो, 'बघ रे बुधाजी.' चौथ्या फेरेक गोळी लागली."

तो तिथेच थांबला असता तरी चालले असते.

"गेल्या दसऱ्याक दुपारी मी परत चडलंय, तेवा तो माज्यावांगडा वर इलो होतो," तो म्हणाला आणि चिमणीकडे हात केला. "तुमी सगळे जेवणाच्या गडबडीत होतास, कोणी बघूक नाय. टोकार पोचल्यार जसो हसलो, तसोच त्या दिवशी रस्त्यात हसलो. मी फुकट चडतंय तर तोय फुकट गेलो. माका एक माप आनि तेका दुसरा, असा करू नको."

जाईबाई पुढे आली. मला वाटले ती त्याच्या थोबाडीत देईल.

"माझा गणपत? त्या तिथं?"

"होय."

"हसला?"

"हसलो."

ती वळून आपल्या खोलीत गेली. रघुवीरने बुधाजीची गचांडी धरली आणि तो ओरडू लागला की शब्द मागे घे, आत्ता मागे घे. बुधाजीने त्याचे हात शांतपणे काढले आणि तो आंघोळीला निघून गेला.

गणपत घोषणा देत असे, हे मला माहीत होते. तो चळवळीची पत्रके वाटी, सभांना जाई. आणि बुधाजीने सांगितले ते खोटे नसावे, हेही त्याच्या आवाजावरून मला कळले होते. एका माणसाच्या पोटात दोन्ही गोष्टी असू शकतात. शाळेत मुलांना हे मी सहज समजावले असते. अंगणात मी तोंड उघडले नाही. पण त्या दिवसापासून बुधाजीचा मला तिटकारा आला, आणि तो त्याने खोटे सांगितले म्हणून नव्हे. जाईबाईकडे मुलगा उरला नव्हता, त्याच्या मरणाला असलेले कारण तेवढे उरले होते. तेही त्याने भर अंगणात, केवळ स्वतःचे माप सरळ करून घेण्यासाठी, तिच्या हातून काढून घेतले.

चाळीने त्याला वाळीत टाकले. ठराव झाला नाही, त्याची गरज पडली नाही. नळावर कौसल्येची कळशी रांगेतून बाहेर सरकवली जाऊ लागली. विरजण मागायला गेली तर संपले आहे असे उत्तर मिळे. दिवाळीत तिने रीतीप्रमाणे फराळाची ताटे झाकून घरोघर पाठवली. संध्याकाळपर्यंत सगळी ताटे तिच्या उंबऱ्याशी परत आली. वरचे रुमालसुद्धा कुणी उचलले नव्हते.

भिंत पातळ होती. त्या संध्याकाळी ती बोलत होती ते मला ऐकू आले.

"तुमचा काय जाता? तुमी आसतास बॉयलरकडे, नायतर ढगात. नळार मी आसतंय."

त्यावर त्याचे उत्तर ऐकू आले नाही. तो लाडू खात असावा.

जानेवारी जवळ आला. गणपतच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी आमच्या भागात एक दिवसाचा हरताळ पाळायचे ठरले. आदल्या आठवड्यात रघुवीरने चाळीची बैठक बोलावली. ठराव लिहून घ्यायला मी होतो. बुधाजीलाही निरोप गेला होता आणि तो येऊन दाराशी उकिडवा बसला होता.

"हे बघ बुधाजी," रघुवीर म्हणाला, "झालं ते झालं. हरताळाच्या दिवशी गिरणी बंद. तू चिमणीवर चढायचं आणि टोकाला भगवा लावायचा, गणपतच्या नावानं. परळ नाक्यावरून दिसला पाहिजे. मग तुझं आमचं भांडण संपलं. वहिनींची ताटं पुन्हा सुरू."

"त्या दिवशी जमाचा नाय."

"का?"

"हरताळ एका दिवसाचो. एका दिवसासाठी भट्टी इझवणत नाय. आग राखेखाली दाबून ठेवतत. दुसऱ्या दिवशी पाळीक वाफ लागता."

"पण धूर तर नसेल?"

"धूर नसता. पण वर जो वारो येता तो दिसणा नाय. धुरापेक्षा वाईट. टोकार दोन श्वास घेतलास काय डोळ्यांपुढे काळोख."

"ऐका!" रघुवीर सगळ्यांकडे वळला. "एरवी माकडासारखा सरसर चढतो. महाराष्ट्राचं काम निघालं, तर म्हणे न दिसणारा वारा आला!"

माणसे हसली. मागून कुणी म्हणाले, "वारा नाही रे, वात असेल!" मग आणखी हसली. धूर नाही तिथे आग नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या आपण सगळे जाणतो. शंभर माणसांच्या त्या चाळीत बॉयलरवर काम करणारा तो एकटा होता. मी शाळेत विज्ञानही शिकवत असे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या वायूला रंग नसतो, वास नसतो, हे वाक्य मी फळ्यावर कितीदा लिहिले असेल. बैठकीत ते मला आठवले नाही. मीही रघुवीरसारखाच समजून चाललो की हा भीतीला शहाणपणाचा सदरा घालतो आहे.

"दसऱ्याक लावतंय," बुधाजी म्हणाला.

"दसऱ्याला तू आपल्या मजेसाठी चढतोस. आम्हांला तसला झेंडा नको."

दुसऱ्या दिवशी जाईबाई त्याच्या दारात आली. तीन महिने ती त्या दारावरून पाठ फिरवून जात होती. मी गॅलरीत वही तपासत बसलो होतो. तिने मलाही हाक मारली.

"मास्तर, हिकडं या. साक्षीला ऱ्हावा." मग त्याला म्हणाली, "तुला दोन वाटा हायेत. झेंडा लावून ये. न्हाईतर उद्या समद्यांपुढं म्हण, गणपत तसा न्हवता. चिमणीवर आला न्हवता, रस्त्यात हसला न्हवता. म्हणशील?"

बुधाजी जमिनीकडे पाहत राहिला.

"बोल की! त्या दिशी लई बोलत हुतास."

"बघतंय," तो म्हणाला.

ती गेल्यावर मी त्याला समजावले. माझा स्वर गोड नव्हता. "बुधाजी, दोन वाक्यांचा प्रश्न आहे. म्हणून टाका. तुमचं काही जात नाही, तिचं सगळं परत येतं."

"मास्तर, तो हसलो होतो," तो म्हणाला. "टोकार माज्या तोंडार काय दिसता ता माका कधी दिसूक नाय. तेच्या तोंडार दिसला. एकदाच. अठरा वर्सां मी एकटोच जातंय म्हणान समाजलंय, आनि थय आनी एक माणूस. ता खोटा कसा म्हणू?"

एवढे दीर्घ तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मला त्याची दया यायला हवी होती. मला एवढेच दिसले की एका दुःखी बाईला दोन वाक्ये द्यायची याची तयारी नाही, कारण तसे केले तर याच्या करमणुकीतला सोबती हरवेल.

हरताळाच्या सकाळी आकाश स्वच्छ होते. गिरणीचा भोंगा झाला नाही. चिमणीच्या टोकावर धुराचा धागासुद्धा नव्हता. मुख्य रस्त्यावर पोलिसांची गाडी उभी होती, म्हणून बुधाजी आवाराच्या मागच्या भिंतीवरून आत गेला. झेंडा त्याने पाठीशी उपरण्याने बांधला होता. चाळीच्या गॅलऱ्या भरून गेल्या. जाईबाई फळ्याखाली उभी होती. कौसल्या या वेळी दार लावून बसली नाही. ती माझ्याच शेजारी कठड्याला धरून उभी राहिली.

तो नेहमीसारखा चढत नव्हता. पाठीवरचा झेंडा वाऱ्याने भरे आणि त्याला बाजूला ओढी, तेव्हा तो थांबे. निम्म्यावर, चौसष्टाव्या कडीच्या आसपास, तो पुन्हा थांबला. एका हाताने त्याने उपरणे सोडले, काठी कडीत घातली आणि दातांनी गाठ आवळली. झेंडा फडकला. खालून "विजय असो"चा गजर झाला.

"वर! टोकाला! टोकाला!" रघुवीर हातांनी खुणा करत ओरडत होता. मग त्यानेच हात खाली घेतले. निम्म्यावरचा झेंडाही परळ नाक्यावरून दिसत होता. "ठीक आहे," तो म्हणाला, "उतर आता. झालं."

बुधाजीने खाली पाहिले. मग दोन्ही मोकळे झालेले हात त्याने एकामागून एक मांड्यांवर पुसले आणि तो वर चढू लागला. आता तो भराभर चढत होता.

"तुमचा झाला," कौसल्या कुणाशी तरी बोलावे तशी म्हणाली. "आता तो आपलो आपण चल्लो."

गर्दीला ते कळले नाही. गर्दीला वाटले, तो टोकावरून घोषणा देणार. तो कंगोऱ्यावर उभा राहिला. त्याने फेरी सुरू केली आणि निम्मी फेरी नेहमीच्या चालीने पुरी केली. मग तो थबकला. त्याने कपाळाला हात लावला, एखादी विसरलेली वस्तू आठवावी तसा. तो खाली बसला, पाय बाहेर सोडून. काही क्षण बसून राहिला. मग पुढे वाकला आणि वाकतच गेला.

तो कोळशाच्या ढिगावर पडला. आवाज फार मोठा झाला नाही.

तेरा दिवस उलटले, आणि रघुवीरने मला निरोप पाठवला की फळ्यावर दुसरे नाव लिहायचे आहे. मी लिहिले. गणपतच्या नावाखाली, तेवढ्याच उंचीच्या अक्षरांत, "हुतात्मा बुधाजी घाडी". रंग ओला होता तेवढ्यात कौसल्या जिना उतरून आली. तिच्या हातात गावी जायचे बोचके होते. संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावरून तिची बोट होती.

"ह्या काय लिवलास?"

मी वाचून दाखवले.

"पुसा ता."

"वहिनी, चाळीने ठरवलं आहे."

"चाळीन काय बघल्यान? झेंडो लावन झालो होतो तेचो. तुमचा काम निम्म्यार संपला होता. थयसून पुढे तो तुमच्यासाठी गेलो नाय, माज्यासाठीय गेलो नाय. माका सोडून गेलो. आता तुमी म्हणतलास, हुतात्म्याची बायको, आनि मी मान खाली घालून गप रवतलंय. ह्या खोटा माका नको. पुसा."

ती खरे बोलत होती. त्या अंगणात इतके खरे त्यापूर्वी एकदाच कुणी बोलले होते. मी ओला फडका उचलला. मला तिच्याविषयी सहानुभूती होती म्हणून नव्हे, मलाही ते नाव तिथे नको होते.

"मास्तर, हात लावू नका."

जाईबाई पहिल्या पाळीहून परतत होती. तिच्या केसांत कापसाचे तंतू होते.

"जाईबाई, तुम्हीच तर त्याला—"

"व्हय, मीच. मला त्याचं तोंड बघायचं न्हवतं, आता नावबी बघायचं न्हाई. पर ऱ्हाऊ द्या ते."

"कित्याक?" कौसल्या तिच्यापुढे उभी राहिली. "तुमीच बघलास. निम्म्यावयसून पुढे तो कशाक गेलो ता तुमका कळूक नाय?"

"कळलं."

"मगे?"

जाईबाईने हात उचलून वरच्या नावावर ठेवला, नेहमी ठेवी तसा. "ह्यो फुकट गेला म्हणून त्याचं नाव पुसलं, तर उद्या कुनीबी म्हनंल, पयलाबी फुकटच गेला. रस्त्यापलीकडं त्याचं काय काम न्हवतं. मग हे वरचं कोन वाचवंल?"

कौसल्या त्या वरच्या नावाकडे बघत राहिली. तिलाही वाचता येत नव्हते.

"म्हणजे तुमकाय ठाऊक आसा," ती म्हणाली.

"मला काय ठावं न्हाई. मला नाव ठावं हाय."

दोघी बायका समोरासमोर उभ्या होत्या. त्यांच्यात माया नव्हती आणि त्या प्रसंगाने ती आली नाही. कौसल्येने बोचके काखेत घेतले. जाताना ती फळ्यासमोर थुंकली. फळ्यावर नव्हे, पायरीवर. मग ती चालती झाली. तिचे गावाहून पुढे कधी पत्र आले नाही. मी फडका बादलीत टाकला.

गिरणीने त्या महिन्यात चिमणीच्या खालच्या वीस कड्या कापून टाकल्या. त्यामुळे झेंडा काढायला कुणाला जाता आले नाही. तो निम्म्यावर तसाच राहिला, धुराने काळा पडला आणि पावसाळ्यापर्यंत चिंध्या होऊन गेला. रघुवीर सभांतून सांगे की चिमणीच्या टोकावर भगवा फडकवताना आमचा बुधाजी धारातीर्थी पडला. ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी झेंडा कुठे होता ते स्वतः पाहिले होते. ते टाळ्या वाजवत.

यंदा मे महिन्यात राज्य झाले. चाळीने दिवे लावले, फळ्याभोवतीही लावले. त्या उजेडात दुसऱ्या नावाचे अक्षर पहिल्याहून ठळक दिसत होते, कारण त्याच्यावर कुणी हात ठेवत नाही.

दर जानेवारीत जाईबाई दोन हार आणते. पहिला ती चवड्यांवर उभी राहून, दोन्ही हातांनी वरच्या खिळ्याला अडकवते, त्याची गाठ पुढून दिसू नये म्हणून फिरवून नीट करते. मग दोन पावले मागे सरते आणि दुसरा हार तिथूनच खालच्या खिळ्यावर फेकते.

"घे, मुडद्या."

बहुधा तो हुकतो. खाली पडलेला हार ती उचलत नाही, पाळीची वेळ झालेली असते. तो झटकून खिळ्याला लावायचे काम माझ्याकडे आले आहे.